सुके सुके ठेवणे : आमच्या आळीच्या कचरा प्रकल्पाच्या नोंदी, एप्रिल ते ऑक्टोबर २०२५

६ एप्रिल २०२५, रविवार

रामनवमीच्या जन्मोत्सवाला आळीतील बहुतेक माणसे देवळात जमली होती, तेव्हा सुंठवडा वाटून झाल्यावर सभामंडपातच बैठक घेतली. रत्नागिरी शहरातील आमच्या या आळीत चौसष्ट घरे आणि अकरा दुकाने आहेत. दुकानांत एक बेकरी, एक खानावळ, दोन किराणा दुकाने, एक औषधांचे दुकान, शिंपी, केशकर्तनालय, मोबाइल दुरुस्ती, शहाळेवाले, कोंबडीचे दुकान आणि झेरॉक्सवाले यांचा समावेश होतो. घंटागाडी रोज येते आणि कचरा नेते, त्यामुळे कचरा उचलला जात नाही अशी आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की, त्या गाडीत आपण जे घालतो त्यातले किती घालण्याची खरोखर गरज असते.

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मधील चौथ्या नियमाने कचरा वेगळा करण्याची जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्यावरच टाकलेली आहे. ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग त्यात सांगितले आहेत, आणि कचरा उघड्यावर जाळण्यास किंवा पुरण्यास त्यात मनाई आहे. हे वाचून दाखवले तेव्हा मागच्या रांगेतून एक काका म्हणाले, “म्हणजे पातेरा पण जाळायचा नाही?” नाही. पातेरा (झाडाखालचा वाळका पाला) तर आपल्याला विकत घेण्याच्या किमतीचा आहे, हे मी त्यांना सांगितले, पण ते त्यांना पटल्याचे दिसले नाही.

जागेची सोय झाली. मुंबईला राहणाऱ्या एका कुटुंबाचे बंद घर आळीच्या टोकाला आहे. त्यांनी फोनवरून मागचे परडे आणि त्यातला मांगर (साधी छपराची खोपी) वापरण्यास परवानगी दिली. नोंदवही ठेवण्याचे काम माझ्याकडे आले.

१३ एप्रिल, रविवार

पहिल्या आठवड्यात काहीच न करता फक्त वजन केले. ताणकाटा मांगराच्या तुळईला टांगला आणि घरोघर दिलेल्या दोन बादल्या रोज सकाळी त्यावर लावल्या. सरासरी काढता ओला कचरा दिवसाला ५१ किलो आणि सुका १४ किलो भरला. म्हणजे वजनाने सुमारे चार भाग ओला आणि एक भाग सुका. आकारमानाने मात्र नेमके उलटे आहे, कारण वेफरच्या रिकाम्या पाकिटांनी आणि पुठ्ठ्याच्या खोक्यांनी अर्धा मांगर भरतो आणि काटा जेमतेम हलतो.

हा हंगाम आंब्याचा असल्यामुळे ओल्या कचऱ्यात कोयी आणि साली जास्त आहेत. फणसाची चारखंडे (गरे काढून उरलेला भाग) आली तर ती आम्ही वेगळी ठेवतो, कारण शेजारच्या वाडीतले एक गृहस्थ गुरांसाठी ती घेऊन जातात. ज्याला खाणारे तोंड आहे, त्याचे खत करण्याची घाई करू नये, असे आम्ही ठरवले आहे.

सुक्या कचऱ्यात वजनाने पहिला क्रमांक पुठ्ठ्याचा आहे. दुधाच्या पिशव्या संख्येने सर्वांत जास्त.

२७ एप्रिल, रविवार

तीन हौद बांधून झाले. सिमेंट-विटांचा विचार होता, पण परड्यातच जुन्या गडग्याचे जांभ्याचे चिरे पडलेले होते. ते सांधे न भरता, मध्ये चार बोटांची फट ठेवून रचले. जांभा सच्छिद्र असतो आणि फटींतून हवा खेळते, त्यामुळे वेगळ्या नळ्या घालाव्या लागल्या नाहीत. प्रत्येक हौद साधारण एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच आहे. यापेक्षा लहान ढिगात ऊब टिकत नाही.

खत होण्यासाठी कर्ब आणि नत्र यांचे प्रमाण साधारण तीस भागांना एक असे लागते. स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्यात नत्र जास्त आणि पाणी तर त्याहून जास्त असते. कर्बाची भर घालण्यासाठी आम्हांला तीन गोष्टी फुकट मिळाल्या : परड्यातला आंब्या-फणसाचा पातेरा, आंब्याच्या पेट्यांत घातलेला भाताचा पेंढा, आणि वखारीतला लाकडाचा भुसा. पेंढा तर लोक पेटी फोडली की अंगणातच पेटवून देत असत. भुसा जपून घालावा लागतो, कारण त्यात कर्ब फार जास्त असल्यामुळे मूठभर अधिक पडला तरी ढीग थंड पडतो.

पहिला हौद भरल्यावर चौथ्या दिवशी मधोमध लांब दांड्याचा तापमापक खुपसला, तेव्हा ५८ अंश सेल्सिअस दाखवले. पहिल्या दिवशी पातेरा जाळण्याबद्दल विचारणारे काका मुद्दाम बघायला आले. त्यांनी हात आत घातला, चटकन बाहेर काढला आणि काही न बोलता गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून पातेऱ्याची दोन पोती आली.

४ मे, रविवार

आज मुलांना सुट्टी असल्यामुळे प्लास्टिक ओळखण्याचा प्रयोग घेतला. बादलीभर पाणी घेऊन त्यात पाण्याच्या बाटलीचा एक तुकडा आणि त्याच बाटलीच्या झाकणाचा एक तुकडा टाकला. बाटलीचा तुकडा तळाला गेला, झाकणाचा वर तरंगत राहिला. बाटली पेट प्लास्टिकची असते आणि ते पाण्यापेक्षा जड असते. झाकण पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रोपिलीनचे असते आणि ते पाण्यापेक्षा हलके असते. पुनर्वापराच्या कारखान्यांत बाटल्यांचा चुरा करून पाण्याच्या टाकीत सोडतात आणि याच गुणावर दोन्ही वेगळे काढतात.

मग मुलांनी घरातून हाताला लागेल ते आणले. दुधाची पिशवी तरंगली. पाण्याच्या नळाचा पीव्हीसीचा तुकडा बुडाला. फ्लेक्स फलकाचा तुकडाही बुडाला, कारण त्यालाही पीव्हीसीचाच थर असतो. एकाने मासेमारीच्या जुन्या जाळ्याचा तुकडा आणि सुतळीसारख्या दोरीचा तुकडा आणला. जाळे नायलॉनचे होते ते बुडाले, दोरी तरंगली. तेवढ्यात त्या मुलाचे आजोबा आले. ते आयुष्यभर बोटीवर राबलेले. त्यांनी दोन्ही तुकडे नुसते बोटांत चोळले आणि सांगितले, “ह्यो बुडणार, ह्यो तरंगणार. बादली कशाला हवी?”

त्यांचे बरोबर होते. आमच्याकडे सुका कचरा वेगळा करणाऱ्या दोन मावशींनाही बादली लागत नाही. त्या पिशवी मुठीत चुरगाळतात. कडकड वाजली तर पीपी (पॉलिप्रोपिलीन), गप्प राहिली तर एलडी (मऊ पॉलिथिलीन). मला ते अजून जमत नाही.

११ मे, रविवार

आळीतील सहा जण वेंगुर्ल्याला जाऊन आलो. तेथील नगर परिषदेने रामदास कोकरे मुख्याधिकारी असताना कचरा डेपोचे जे रूप पालटले, त्याची ख्याती कोकणाबाहेरही गेली आहे. कचरा टाकण्याच्या जागेवर लोक पाहुणे म्हणून जातात ही गोष्टच मुळात वेगळी आहे. तिथले मर्म मला असे दिसले की, कचरा दारातच वेगळा होऊन येतो आणि आल्यावर त्याचे आणखी बारीक प्रकार पाडले जातात. ओल्यापासून बायोगॅस, आणि ज्या प्लास्टिकला बाजारात कोणी विचारत नाही त्याचे बारीक तुकडे करून ते डांबरी रस्त्यासाठी.

रस्त्यात प्लास्टिक वापरण्याची पद्धत मदुराईचे प्राध्यापक आर. वासुदेवन यांनी विकसित केली. खडी साधारण १६० ते १७० अंशांपर्यंत तापवून तिच्यावर प्लास्टिकचे तुकडे टाकले की ते वितळून खडीवर पातळ थर बसतो आणि त्यावर डांबर घट्ट धरते. यात पीव्हीसी चालत नाही, कारण ते तापले की त्यातून क्लोरीनयुक्त घातक वायू निघतात. गेल्या रविवारचा बादलीचा खेळ मुलांना आठवला आणि बुडणाऱ्या तुकड्यांचा अर्थ त्यांच्या लक्षात आला, एवढ्यानेही प्रवासाचे सार्थक झाले.

येताना गाडीत सगळ्यांनी आपल्या आळीचा बायोगॅस उभा केला, त्याच्यावर चहासुद्धा केला. आमच्या ५१ किलोंसाठी सध्या चिऱ्यांचे हौदच पुरेसे आहेत, असे माझे मत मी नोंदवून ठेवतो.

२२ मे, गुरुवार

परवापासून पाऊस थांबलेला नाही. दक्षिण कोकणात एरवी जूनच्या पहिल्या आठवड्यात येणारा पाऊस यंदा मे महिन्यातच असा कोसळेल, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. घरोघर आगोटीची तयारी अर्धवट आहे, लाकडे बाहेर आहेत, कौले शाकारायची राहिली आहेत. आमचीही तीच गत. मांगराच्या पश्चिमेच्या अंगाला झाप (विणलेल्या झावळ्या) लावायचे आम्ही जूनच्या पहिल्या तारखेवर टाकले होते. झड थेट आत आली आणि महिनाभर साठवलेला पुठ्ठा खालच्या तीन थरांपर्यंत भिजला.

साधारण १९० किलो पुठ्ठा होता. वरचा भाग आम्ही घराघरांच्या पडव्यांत हलवला. खालचा उचलायला गेलो तर हातात लगदा आला. नालीदार पुठ्ठ्याचे थर खळीने चिकटवलेले असतात. खळ भिजली की थर सुटतात आणि दोन दिवसांत बुरशी धरते. तो सगळा फाडून पहिल्या आणि दुसऱ्या हौदात पातेऱ्याऐवजी घातला. शाईचे चकचकीत छापील खोके आणि चिकटपट्ट्या मात्र आधी काढून घेतल्या.

चूक आमची होती.

२७ मे, मंगळवार

पाऊस आता अधिकृतपणे दाखल झाला आहे. वाचलेला पुठ्ठा आणखी खराब होण्याआधी द्यावा म्हणून खरेदीदाराला बोलावले. त्याने गठ्ठे उचलून पाहिले, एकात हात घातला आणि एकूण वजनावर वीस टक्के घट धरली. आमच्या दृष्टीने हे गठ्ठे कोरडे होते. पाण्याचा थेंब त्यांना लागलेला नव्हता. वाद झाला. शेवटी पंधरा टक्क्यांवर तडजोड झाली. बेकरीवाले भाऊ संतापून म्हणाले, “पावसाचे पैसे पण आपल्याकडूनच घेतो!” मलाही त्या क्षणी तसेच वाटले.

५ जून, गुरुवार

राग मनात ठेवण्यापेक्षा मोजून पाहावे म्हणून प्रयोग केला. झेरॉक्सवाल्यांच्या वातानुकूलित दुकानात आठ दिवस पडून असलेला कोरा पुठ्ठा घेतला, त्याचा नेमका १० किलोचा गठ्ठा बांधला आणि तो आमच्या पडवीत, भिंतीपासून दूर, लाकडी फळीवर ठेवला. पाऊस लागणार नाही याची खात्री केली. रोज सकाळी वजन.

पहिल्या दिवशी १० किलो, दुसऱ्या दिवशी १०.४, तिसऱ्या दिवशी १०.७, चौथ्या आणि पाचव्या दिवशी १०.८. पुढे वाढ थांबली.

म्हणजे पाण्याचा थेंबही न लागता, केवळ हवेतल्या दमटपणामुळे, दहा किलोंच्या गठ्ठ्यात ८०० ग्रॅम पाणी शिरले. कागदाचा तंतू हवेतला ओलावा शोषून घेतो आणि हवेशी समतोल साधला की थांबतो. पावसाळ्यात आपल्याकडची हवाच इतकी जड असते की तो समतोलही जड असतो. खरेदीदार हा माल आंबा घाट चढून कोल्हापूरकडे पाठवतो. गाडीचे भाडे तो त्या पाण्याचेही भरतो आणि पुढे गिरणीवाला त्याच्याकडून ओलाव्याची घट कापतो. पंधरा टक्के मला अजूनही जास्त वाटतात, पण आठ टक्क्यांपर्यंत त्याचे म्हणणे खरे होते हे मान्य करणे भाग आहे. वजनांचा कागद मी त्याला दाखवला. तो हसला आणि म्हणाला, “आम्ही काटा नाही लावत, हात लावतो.” पुढच्या खेपेपासून आठ टक्के ठरले.

१५ जून, रविवार

मग आळीत पावसाळ्यातही सर्वांत कोरडी जागा कोणती, याचा शोध घेतला. तो बेकरीत संपला. भट्टीच्या मागच्या भिंतीला लागून एक खोली आहे, तिथे पूर्वी लाकडे ठेवत. भट्टी आता विजेवर चालते आणि खोली रिकामी आहे. भिंत हाताला कोमट लागते. आपल्याकडे पूर्वी चुलीच्या वरच्या माळ्यावर पावसाळ्याची बेगमी ठेवत असत. युक्ती तीच आहे, वस्तू तेवढी वेगळी.

आगीचा धोका लक्षात घेऊन काही गोष्टी पक्क्या केल्या. भिंतीपासून तीन फूट जागा मोकळी राहील, एका वेळी ६० किलोंपेक्षा जास्त पुठ्ठा ठेवला जाणार नाही, वाळूच्या दोन बादल्या दारात राहतील, आणि महिन्याऐवजी दर आठवड्याला माल उचलला जाईल. बेकरीवाल्यांनी भाडे मागितले नाही; आपल्या बेकरीतील मैद्याची रिकामी पोती आणि तेलाचे डबे यांचा हिशेब वेगळा ठेवावा, एवढीच अट घातली. ती रास्त आहे.

याच खोलीत दुधाच्या पिशव्या वाळवता येतील का, असे एका वहिनींनी विचारले. त्याला भाऊ तयार झाले नाहीत. पावाच्या वासात दुधाचा आंबूस वास मिसळला तर गिऱ्हाईक परत जाईल, हे त्यांचे म्हणणे कोणालाही खोडता आले नाही.

२९ जून, रविवार

दुधाच्या पिशव्यांबद्दल आज सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण महिनाभर आम्ही त्यांच्यावरच अडलो होतो. ही पिशवी चांगल्या प्रतीच्या पॉलिथिलीनची असते आणि धुऊन वाळवलेली असेल तर तिला भाव मिळतो. उन्हाळ्यात घराघरांच्या दोऱ्यांवर चिमट्यांनी लावलेल्या पिशव्या दिसत होत्या. पाऊस सुरू झाल्यावर त्या दिसेनाशा झाल्या, आणि बादलीत आंबलेल्या, चिकट, माश्या बसलेल्या पिशव्या येऊ लागल्या. मावशींनी त्या हाताळायला नकार दिला, आणि तो योग्यच होता.

मी घरोघर विनंती करत फिरलो तेव्हा एका वहिनींनी मला दारातच उभे केले आणि म्हणाल्या, “भाऊजी, इथे पोरांचे युनिफॉर्म तीन-तीन दिवस वाळत नाहीत. तुमच्या पिशव्या मी कुठे वाळवू?” याला माझ्याकडे उत्तर नव्हते. उत्तर त्यांच्याच सासूबाईंनी दिले. त्यांनी रिकामी पिशवी घेतली, कात्रीने दोन बाजूंनी उभी चिरून तिचे एक सपाट पान केले, नळाखाली एकदा धरले, आणि स्वयंपाकघराच्या ओट्यामागच्या गुळगुळीत फरशीवर थापून चिकटवले. पाण्यानेच ती फरशीला चिकटून राहिली. संध्याकाळी स्वयंपाक आटोपताना ती आपोआप सुटून ओट्यावर पडली, तेव्हा कोरडी होती.

बंद पिशवीच्या आत पाण्याला बाहेर पडायला वाट नसते. पान केले की दोन्ही अंगे मोकळी होतात. गोष्ट इतकी साधी होती आणि आम्ही सहा जण वेंगुर्ल्याला जाऊन आलेले, कोणालाही सुचली नव्हती. आठवडाभरात एकोणचाळीस घरांनी हीच पद्धत धरली. पिशवीचा कोपरा कापताना तो पूर्ण तोडू नये, लटकताच ठेवावा, हेही सर्वांना सांगितले आहे. तो एवढासा त्रिकोण वेगळा झाला की कोणाच्याच हाताला लागत नाही आणि गटारातून थेट खाडीत जातो.

२० जुलै, रविवार

फार लिहिण्यासारखे नाही. १ जूनपासून मासेमारी बंद आहे, ती ३१ जुलैपर्यंत राहील. त्यामुळे माशांचा कचरा जवळजवळ नाही. हौदांवर पत्रे घातले आहेत आणि पश्चिमेला जुन्या फ्लेक्स फलकांचा पडदा लावला आहे. रस्त्यात घालता येत नाही ते फ्लेक्स झड अडवायला उत्तम. पडद्यावरचे पुढारी आतल्या बाजूला तोंड करून लावावेत की बाहेरच्या, यावर अर्धा तास चर्चा झाली. आतल्या बाजूला लावले.

औषधांच्या दुकानदारांनी सॅनिटरी पॅडच्या विक्रीबरोबर जुन्या वर्तमानपत्राचा चौकोनी कागद आणि लाल खडू द्यायला सुरुवात केली आहे. कागदात गुंडाळून वर लाल खूण केलेली पुडी वेगळी येते, मावशींना ती उघडून पाहावी लागत नाही.

३१ ऑगस्ट, रविवार

आज गौरी आल्या. २७ तारखेपासून आळीत चाकरमानी आहेत, घराघरांत माणसे दुप्पट-तिप्पट झाली आहेत, आणि ओला कचरा काल ११८ किलो भरला. तिन्ही हौद भरलेले असल्यामुळे निम्मा घंटागाडीत द्यावा लागला. तो निदान वेगळा दिला.

निर्माल्यासाठी चौथा, तात्पुरता हौद झावळ्यांचा केला. फुले, दूर्वा, पत्री यांत अडचण नाही. अडचण दोऱ्याची, जरीची आणि प्लास्टिकच्या मण्यांची आहे. हारातला दोरा सोडवायला दोन मुले बसवली आहेत. मखरांत यंदा थर्माकोल एकाही घरात दिसला नाही. राज्यात २०१८ पासून त्यावर बंदी आहेच, पण बंदीपेक्षा मला वाटते पुठ्ठ्याचे घडीचे मखर दरवर्षी वापरता येते हा हिशेब लोकांना पटला.

एक निरीक्षण. किराणावाल्यांनी पातळ पिशव्या देणे बंद केले आहे. १२० मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी देशभरात चालत नाही हे त्यांनी दुकानात लिहूनही लावले आहे. तरी या चार दिवसांत पातळ पिशव्यांचा ढीग आला. त्या सगळ्या रेल्वेने आल्या, असे मावशी म्हणतात. पाहुण्यांना कोण बोलणार?

९ सप्टेंबर, मंगळवार

२ तारखेला गौरी-गणपतींचे विसर्जन झाले आणि ३ तारखेला, बुधवारी, आळीत मासळी शिजली. श्रावण आणि गणपती मिळून दीड महिन्याचा उपास त्या दिवशी सुटला. डोकी, कल्ले, खवले, आतडी, कोळंबीची सोले असा सोळा किलो कचरा एका सकाळी आला. मावशी सुट्टीवर होत्या, म्हणून तो मीच दुसऱ्या हौदात टाकला, वरून दोन घमेली पातेरा पसरला आणि झाकण घातले.

शुक्रवारी वास सुटला. शनिवारी कुत्र्यांनी फ्लेक्स फाडला. रविवारी शेजारच्या घरातील आजी काठी टेकत माझ्या दारात आल्या. त्यांनी एवढेच विचारले, “तुमच्या घरी खिडक्या आहेत ना रे?”

माझ्याकडून तीन गोष्टी चुकल्या. माशाच्या कचऱ्यात कर्बाच्या मानाने नत्र फारच जास्त, चार-पाचास एक या प्रमाणात असते, त्यामुळे त्याच्या किमान तिप्पट आकारमानाचा पातेरा लागतो. मी पावपटही घातला नव्हता. तो वर पसरायचा नसतो, ढिगाच्या मधल्या गरम भागात खड्डा करून पुरायचा असतो. आणि तो हौद आधीच ओला होता. ओलावा पाहण्याची साधी रीत अशी की मूठभर माल घट्ट दाबावा, बोटांतून एक-दोन थेंब आले तर ठीक, धार लागली तर पाणी जास्त. मी मूठ दाबूनच पाहिली नव्हती.

काल दोन मावशी, बेकरीवाले आणि मी यांनी तो हौद पूर्ण उपसला. आतला भाग काळा, चिकट आणि थंड होता, हवा न मिळाल्यामुळे कुजत होता. पेंढ्याची चार पोती मिसळून पुन्हा रचला. आज सकाळी ४६ अंश. वास बराच उतरला आहे. आजींकडे जाऊन माफी मागितली, त्यांनी चहा दिला आणि खिडकी उघडीच ठेवली होती.

तिसऱ्यांची शिंपले आणि कुर्ल्यांची कवचे यापुढे वेगळी घ्यायची असे ठरले. शिंपला म्हणजे चुनाच. हौदात तो जसाच्या तसा राहतो. कोकणात पूर्वी शिंपले भाजून घराला चुना करत. आम्ही सध्या ती कुटून नारळाच्या आळ्यांत घालतो.

२८ सप्टेंबर, रविवार

पहिला हौद चाळला. मे महिन्यातला भिजलेला पुठ्ठा त्यात कुठेच ओळखू येत नाही. बारीक चाळणीखाली ८३ किलो खत आले, वर राहिले त्यात कोयींची कवचे, करवंट्यांचे तुकडे, एक चमचा, आणि कोणाच्या तरी शर्टाची सहा बटणे. चमचा खानावळीचा आहे, तो परत केला.

खत तयार आहे की नाही याची खात्री करायला एका परातीत खत आणि माती मिसळून, दुसरीत नुसती माती घेऊन मोहरी पेरली होती. कच्च्या खतात अंकुर जळतात किंवा उगवतच नाहीत. पाचव्या दिवशी दोन्ही परातींत मोहरी सारखीच उगवली, खताच्या परातीतली थोडी गर्द.

खत विकावे की वाटावे, यावर मते पडली. मावशींचे मानधन सध्या सुक्या कचऱ्याच्या विक्रीतून निघते आणि ते पुरत नाही, म्हणून मी विकण्याच्या बाजूने होतो. बहुमत वाटण्याकडे गेले. शेवटी निम्मे-निम्मे झाले, आणि विक्रीचे सर्व पैसे मावशींना द्यायचे हे एकमताने ठरले.

१२ ऑक्टोबर, रविवार

ऊन कडक पडले आहे. बेकरीच्या खोलीतला शेवटचा पुठ्ठा आज गेला आणि खोली भाऊंना मोकळी करून दिली. खरेदीदाराने सवयीने गठ्ठ्यात हात घातला, थोडा वेळ ठेवला, आणि घट न धरता वजन लिहिले. ५७ किलो. आमच्या ताणकाट्यावरही ५७ होते.

वेफरची आणि बिस्किटांची अनेक थरांची पाकिटे अजून साठलेली आहेत, एकूण अकरा पोती. त्यांना भाव नाही. सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून ती घेतात, पण गाडीभर माल आणि तोही कोरडा लागतो. शेजारच्या दोन आळ्यांचा माल एकत्र केला तर गाडी भरेल. त्यांच्याशी बोलणे दिवाळीनंतर.

मांगराच्या दारावर आजच खडूने लिहून ठेवले आहे : झाप १० मेच्या आत लावावेत. खाली कोणीतरी मुलाच्या अक्षरात भर घातली आहे, “पुढारी आत.”